वादिराज मास्तरांची अतीची वही

“घरात जिवंत माणूस आहे आणि तुम्ही मेलेल्या शब्दांची उस्तवार करता,” असं कृष्णाबाई नवऱ्याला म्हणाली, तेव्हा मी भिंतीअलीकडे मेथी निवडत होते. केलगेरीत आमच्या दोन घरांना भिंत एकच. कानांत बोळे घालून कोण बसतं?

“मेलेत म्हणूनच कुणीतरी करायला हवी,” वादिराज मास्तर म्हणाले.

“करा. भाकरी पण त्यांच्याकडेच मागा.”

याला दहा वर्षं झाली. भाकरी त्या दिवशीही झाली. वास इकडे आला होता.

मास्तर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले ते हे खूळ घेऊनच. माझं शिक्षण तिसरी. त्यांनी मला समजावलं ते असं, की हजार वर्षांपूर्वी इंग्रज लोक शब्दाच्या आधी ‘ओवेर’ लावत, की ती गोष्ट अति झाली. अति झोप म्हणजे ओवेरस्लॅप. अति बडबड, ओवेरस्प्रॅच. अति माया, तिलाही शब्द: ओवेरलुवू. लिहायचं एफनं, म्हणायचं मात्र व.

मी म्हटलं, “फार मोजूनमापून जगत असतील हो ते लोक.”

“नाही कुसुमक्का. अति करत होते म्हणूनच शब्द लागले.”

त्यांचा नेम असा, की जुन्या कोशातला शब्द तसाच वहीत चढायचा नाही. आधी तो गावातल्या कुणालातरी सांगायचा, आणि त्या माणसाच्या तोंडचा शब्द, मराठी असो की कानडी, शेजारी लिहायचा. अति खाण्याचा शब्द घेऊन ते कोपऱ्यावरच्या भीमराव शिंप्याकडे गेले. भीमराव म्हणाला, “आमच्यात त्याला ‘कंबर दोन इंच सोडा’ म्हणतात.” मास्तरांनी तेच लिहिलं.

एकशे चाळीस शब्द करायचे होते. शंभरी ओलांडली आणि डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, उरलेली नजर वर्षभर टिकली तर टिकली. बेंगळूरहून मुलाचा, संजीवचा, फोन आला, “अप्पा, हे सगळं कंप्युटरवर आहे. कशाला डोळे जाळता?”

“भीमराव आहे का त्यात?” असं विचारून मास्तरांनी फोन ठेवला.

मग घोटाळा झाला. ओळ दिसेनाशी झाली, पण सांगतील कुणाला? दोन महिने ते एकाच ओळीवर लिहीत राहिले, शब्दावर शब्द. कृष्णाबाईनं वही उघडली तर पानावर नुसतं काजळ. अठरा शब्द गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून भांड्याचाही आवाज नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या सकाळी मास्तर काठी घेऊन निघाले. ज्याला ज्याला शब्द सांगितला होता, त्याच्या त्याच्या दारात उभे. भाजीवाल्या जनाबाईला म्हणाले, “मी तुला काय विचारलं होतं?”

“लई गार पडल्याचा शब्द की. मी म्हटलं, दातांची भजनं. तुमचं इंग्रजी काय मला आठवत न्हाई बघा.”

“तुझं आठवतं ना? माझं माझ्याकडे आहे.”

असे सतरा परत मिळाले. अठराव्या शब्दाचा माणूस घर बदलून हुबळीकडच्या उणकलला गेला होता. मास्तरांनी तीन दिवस तिथल्या नव्या इमारतींची दारं वाजवली, तेव्हा तो सापडला.

मी एका पुठ्ठ्यावर गोधडीच्या सुईनं आडवे दोरे ओढून दिले, ओळ बोटाला लागावी म्हणून. कोशातलं बारीक अक्षर कृष्णाबाई वाचू लागली. तिला इंग्रजी येत नव्हतं, एबीसीडी येत होती. रोज दुपारी भिंतीतून ऐकू यायचं, “ओ, एफ, ई, आर. पुढचं काय हे, डोकं दुखतं माझं.” आणि तरी पुढचं अक्षर यायचंच.

एकशे चाळिसावा शब्द संक्रांतीच्या आधी झाला. मास्तर त्यानंतर पंधरा दिवसच होते, झोपेतच गेले.

भरलेली वही हुबळीला कमरीपेठेतल्या बाइंडरकडे शिवायला न्यायची, हा त्यांचा नोकरीपासूनचा रिवाज. त्या पंधरा दिवसांतच एका सकाळी तसेच हुबळीला निघाले. कुणी सोबत नको म्हणाले, बसचा नंबर कंडक्टरला विचारला. काम होईतो बाइंडरच्या स्टुलावर बसले, वहीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, एक टाका सैल लागला तो पुन्हा घालून घेतला. पाचच्या सुमारास परतले, वही कृष्णाबाईच्या हातात दिली आणि चहात आलं घालायला सांगितलं.