कपाटातली अजान

ह्यांना जाऊन थंडी उलटली, तरी ह्यांचा मोबाईल अजून कपाटात चार्जिंगला असतो. बंद करवत नाही, सिमही चालू ठेवलंय. त्यातल्या ॲपवर ह्यांनी मुलीच्या गावच्या नमाजांच्या वेळा लावून ठेवल्यात. मुलगी इथे दुबईत, करामात वाढली, आता नोकरीला पार उत्तर स्कॉटलंडात. आमच्या खालच्या मशिदीत इशाची, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या नमाजेची, अजान होते. मी पढते, झोपते. आणि मग केव्हातरी ह्यांच्या शर्टांमागून पुन्हा अजान. पहिल्यांदा तर अंगावर सर्रकन काटा आला.

मग सवय झाली. खोटं कशाला बोलू, वाटच बघू लागले. अजान संपली की म्हणायची, "झालं लेकीला सांगून? झोपा आता." वेड लागलं म्हणा हवं तर.

उन्हाळा चढला तशी ती अजान उशिरा उशिरा सरकत गेली. एका रात्री वाजलीच नाही. मी टक्क जागी. ह्यांना घरातून दुसऱ्यांदा नेलं, असं वाटलं. दुपारी मुलीला फोन लावला आणि रडायलाच लागले.

"मम्मी, रिलॅक्स. इट्स नॉर्मल," ती म्हणाली. "इथे आता इशा लागतच नाही. सूर्य मावळतो, पण आभाळातली लाली जात नाही. ॲप ब्लँक दाखवतं."

"मग तू पढतेस कधी?"

ती म्हणाली, "अब्बा इशाला कॉल करायचे ना, एव्हरी समर. आय स्टिल वेट. खिडकीशी बसते. मग तशीच झोप लागते."

"म्हणजे इशा सोडतेस? अगं, एवढी शिकलीस, साधी वेळ काढता येत नाही?" मी भडकलेच. पण वेळ तिलाही काढता आली असती. तिला कॉल हवा होता, आणि तो करणारा माणूस कुठून आणू?

ह्यांची रीत मला ठाऊक होती. कोणी म्हणतं जवळच्या शहराची वेळ धरा, कोणी म्हणतं मक्केची. हे मौलानांना विचारून आले आणि जेवता जेवता तांदळाची भाकरी उचलून म्हणाले, "ही तिथली रात्र. मावळतीपासून उगवतीपर्यंत. हिचे सात भाग कर. पहिला सरला की इशा." मी म्हटलं, "रात्र केवढीशी आणि तिचे तुकडे सात! गपचूप जेवा." किती हसले होते.

मुलीकडून तिथली मावळती-उगवती विचारून घेतली. हिशोब दोनदा चुकला, स्वतःवरच चिडले. वेळ झाली तशी उठले. माझा मोबाईल उशाशीच होता, पण हात गेला तो कपाटाकडे.

तिने लगेच उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. तिच्या स्क्रीनवर 'अब्बा' आलं असणार, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. ह्यांचेच शब्द तोंडात आले.

"झाली वेळ. यल्ला, चल ऊठ, पढ."

हळूच, एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय न बोलणारी माझी मुलगी म्हणाली, "उठते, अब्बा."

मी तिला काही सांगितलं नाही. फोन तिनेच ठेवला.