टोळी मोडली त्या हंगामात

अपयशातून काय शिकलात ते पोरांना सांगा, असं म्हणत वर्षातून चार-पाच कॉलेजं मला बोलावतात. खामगाव, चिखली, बुलडाणा, एखाद्या वेळी अकोलासुद्धा. शाल, श्रीफळ आणि एक रोपटं देतात. रोपटी लावायला आता अंगणात जागा उरलेली नाही. माझी कंपनी बुडाली ही गोष्ट या भागात एवढी गाजली आहे, की ती चालली असती तर मला कुणी ओळखलं नसतं. मी जाते, पडद्यावर चित्रं दाखवते आणि ठरलेले तीन धडे सांगते. वाढायची घाई केली, सल्लागार चुकीचे निवडले, वेळेत थांबले नाही. पोरं माना डोलावून लिहून घेतात. शेवटी एक तरी पोरगी विचारतेच, "मॅडम, पुन्हा सुरू कराल का?" मी हसून वेळ मारून नेते. या सगळ्याचा मला वीट आला आहे. ते धडे खोटे नाहीत, पण ते कुणाच्याही बुडालेल्या कंपनीला चिकटवता येतात. माझी स्वतःची चूक त्यांत कुठेच नाही.

ती चूक उंद्रीजवळच्या आमच्या गावातल्या बायकांच्या एका टोळीच्या बाबतीत झाली.

निंदणाच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या दिवसांत आमच्याकडे बाया एकेकट्या कामाला जात नाहीत. बारा-चौदा जणींची टोळी असते आणि एक मुकादमीण असते. शेतकरी तिच्याकडे येतो, रोज म्हणजे दिवसाची मजुरी ती ठरवते, ऑटो ती सांगते आणि कुणाच्या शेतात आधी जायचं तेही तीच बघते. आमच्या टोळीची मुकादमीण माझ्या आईची मैत्रीण होती. मी तिला मावशी म्हणते. उंच, सुकलेली, तोंडाची फटकळ बाई. शेतकऱ्यानं रोज कमी सांगितला की ती विळा कमरेला खोचून सरळ चालायला लागायची, आणि मागून सगळ्या. निम्म्या वाटेवर शेतकरी धावत यायचा. माझी आई त्याच टोळीत बावीस वर्षं गेली. तिच्या त्या रोजावर मी इंजिनीअर झाले. पुढं गुडघे गेले म्हणून ती घरी बसली, एवढंच.

पुण्यात सहा वर्षं नोकरी करून मी परत आले, ती ही टोळी डोक्यात घेऊनच. एका गावात बाया कामाविना बसलेल्या आणि पाच कोसांवर शेतकरी माणसं मिळत नाहीत म्हणून तणाकडे बघत बसलेला, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. दोन मित्रांना सोबत घेऊन ॲप केलं. शेतकऱ्यानं काम टाकायचं, जवळच्या मुकादमिणीच्या फोनवर ते वाजायचं, तिनं हो म्हणायचं. पहिला हंगाम इतका चांगला गेला की माझा मलाच हेवा वाटायचा. मावशीला वाचता येत नव्हतं, पण फोन वाजला की ती चारचौघींत मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "थांबा वं, ऑफिसातून फोन आला."

मग पुण्याचे सल्लागार आले. त्यांनी आमचा तक्ता पाहिला, मुकादमिणीच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही कशाला? प्रत्येक बाई थेट का नाही? शेतकऱ्याला निवड द्या. काम झालं की त्यानं बाईला एक ते पाच स्टार द्यावेत. चांगलं काम करणारीला जास्त काम मिळेल, हा न्यायच आहे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे आज कळतं. त्या दिवशी मला ते पटलं होतं, नुसतं पटलं नव्हतं, आवडलं होतं. माझी आई टोळीत सगळ्यांत चपळ होती आणि तिला कधी कुणापेक्षा जास्त मिळालं नाही, याचा एक जुना राग माझ्या पोटात होता. तो राग मी ॲपमध्ये घातला.

आईला नवं रूप दाखवलं. एकेका बाईचा फोटो, गाव, खाली स्टार. तिनं चष्मा लावून सगळे फोटो नीट पाहिले. ओळखीच्या चेहऱ्यांना हसली. मग म्हणाली, "सगळ्या दिसून राह्यल्या. पण कोण कोणाच्या बाजूले बसन, हे यात कुठी हाये?"

मी म्हटलं, "आई, त्याची गरजच नाही आता."

"गरज नाही काऊन?" तिनं विचारलं. मी फोन तिच्या हातातून घेतला. मला त्या दिवशी बरीच कामं होती.

दुसऱ्या हंगामात दहा दिवसांत काय व्हायचं ते झालं. शेतकऱ्यांनी हात चालणाऱ्या चार-पाच जणी निवडल्या. त्या रोज वेगवेगळ्या शेतांत, अनोळखी बायांसोबत जायला लागल्या. तिघींसाठी ऑटोवाला यायला तयार होईना. एक तरणी सून एकटीच एका शेतात गेली आणि तिथं दुसरी बाई नाही म्हटल्यावर भर दुपारी चालत परत आली. तिच्या नवऱ्यानं फोनच काढून घेतला. उरलेल्या घरी बसल्या. आणि गंमत म्हणजे शेतकरीही खूश नव्हते. स्टारसाठी बाया पुढं पळायला लागल्या, वरचं तण ओरबाडायचं आणि मुळी तशीच. आठ दिवसांत हराळी पुन्हा डोकं काढायची. मग शेतकरी स्टार कमी करायचा. मग बाई आणखी पळायची.

टोळीत सगळ्यांत म्हातारी एक बाई होती. सगळं गाव तिला मोठीमाय म्हणतं. तिचा हात धिमा. पण ती गेली त्या वाटेवर पुन्हा तण म्हणून दिसायचं नाही, इतकं तिचं काम निर्मळ. पोरं बांधावर झोळीत असली तर त्यांच्याकडे तिचंच लक्ष. सून, नातसून, घरात दाणागोटा, कशाची कमी नव्हती. कामाला जायची तिला गरज नव्हती. ती जायची कारण चाळीस वर्षं जात होती. तिला दीड स्टार मिळाला. नातसुनेनं तिला फोन वाचून दाखवला. मुद्दाम नाही, कौतुकानं, आजीचा फोटो आला म्हणून. फोटोखालचा आकडाही वाचला. दुसऱ्या दिवसापासून मोठीमायनं विळा टांगून ठेवला. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही आईकडून.

मी तिच्या घरी गेले. ती सुपात गहू निवडत होती. मला बस म्हणाली, पाणी दिलं.

"मोठीमाय, ते स्टार मी काढून टाकते. तू जा ना कामाला."

"नाही वं माय. आता डोळ्याले दिसत नाही." आणि माझ्यादेखत तिनं गव्हातला मोहरीएवढा खडा उचलून बाजूला टाकला.

मला रडू आलं, पण तिथं रडण्याचा मला हक्क नव्हता. घरी येऊन आईवर चिडले. तू तेव्हाच धड का सांगितलं नाहीस, असं म्हणाले. कंपनी माझी, अक्कल माझी, आणि दोष आईला. तिनं मला बोलू दिलं आणि मग टोळीतलं एक साधं काम समजावून सांगितलं, जे तिच्या मते मला माहीत असायला हवं होतं.

शेतात उतरलं की प्रत्येकीला दोन-तीन ओळी नेमून मिळतात. त्याला पात म्हणतात. सगळ्यांनी एका रांगेत पुढं सरकायचं. कुणी कुठल्या पातीला लागायचं ते मुकादमीण ठरवते, आणि मुकादमिणीचं खरं कसब तेच. मोठीमायला ती नेहमी दोन चपळ बायांच्या मधे लावायची. उजवीकडची येताजाता तिची एक ओळ उरकायची, डावीकडची दुसरी. रांग सरळ राहायची. मागं पडलंय कोण, हे बांधावरच्या शेतकऱ्याला दिसायचं नाही. कुणी ते बोलायचं नाही. अंगावर ताप असलेली, पोटुशी असलेली, घरी भांडून आलेली, सगळ्यांना वेळोवेळी ती मधली पात मिळायची.

"तू झोळीत होती तवा दीड साल मीच मधात होती," आई म्हणाली. "तुले पाजाले उठलो की माह्या ओळी मागं पडत. मोठीमायचा हात तवा चपळ होता. उजव्या हाताले तीच राहे."

मी आईला टोळीतली सगळ्यांत चपळ बाई समजत आले होते. ती होतीही. पण माझ्या जन्मानंतरच्या त्या दीड वर्षात तिला कुणी स्टार दिले असते, तर तेही दीडच्या वर गेले नसते.

मी स्टार काढले. थेट बोलावणं बंद केलं. सल्लागारांनी विचारलं, आकडे का पाडता? मी कारण सांगितलं तर ते म्हणाले, भावनिक होऊ नका. पैसा येणं थांबलं आणि पुढच्या सहा महिन्यांत कंपनी बंद पडली. त्याचं मला वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. नुसता थकवा आला, तापातून उठल्यासारखा. पण टोळी पुन्हा जमावी, एवढं मात्र मला फार वाटत होतं. कंपनीचं काहीही होवो, ह्या चौदा जणी जशा होत्या तशा परत शेतात दिसाव्यात आणि मोठीमाय त्यांच्यात असावी. बाकी कशात मला रस उरला नव्हता.

जूनमध्ये मी मावशीकडे गेले. ती ओट्यावर बसून विळ्याला नवी मूठ बसवत होती. मी सरळ माफी मागितली. तिला माफीचं काय करावं ते सुचलं नाही. तिनं मूठ दगडावर दोनदा ठोकली.

"सात जणी हायेत आता," ती म्हणाली. "बाकीच्या त्या दुसऱ्या टोळीत गेल्या. चारवाल्या, पाचवाल्या."

"ते स्टार आता कुठंच नाहीत, मावशी. सगळं पुसलं मी."

"फोनातून पुसलं तू. बुढी धिमी हाये, हे आमाले मालूम नोहतं का? सगळ्यायले मालूम होतं. पण कोणी बोललं नोहतं. आता ते बोलल्या गेलं. आता मी बुढीले मधात लावतो म्हटलं, तं बाजूची म्हणते, मी काऊन तिची ओळ काढू, माह्ये साडेतीन हायेत."

तिनं मुठीवरून अंगठा फिरवून पाहिला. मग माझ्याकडे न बघता, सहज विचारल्यासारखं करून तिनं विचारलं, "मले किती देल्ले होते वं लोकायनं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मावशीनं कधी तो आकडा विचारला नव्हता. ती असल्या गोष्टींच्या पलीकडची आहे असं मी धरून चालले होते.

"पाच," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम खुलला. पदर सारखा केला, उगाच एकदा खोकली. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"अन् बुढीले?"

"तिलाही पाच," मी घाईनं म्हणाले.

तिचा हात थांबला. दीडची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, आणि मीच ती विसरले होते. तिनं विळा खाली ठेवला.

"मंग माह्ये खरे सांग."

सल्लागारांपुढं, शेतकऱ्यांपुढं मी इतके दिवस गुळगुळीत बोलत आले होते. निदान इथं तरी खरं बोलावं, असं मला वाटलं. त्यात माझं थोडं पुण्यही जमा होईल, असंही वाटलं असेल.

"अडीच."

ती बराच वेळ मान हलवत राहिली. "रोजाच्या भावासाठी भांडत होती मी त्यायच्याशी," ती म्हणाली. "देतीन कशाले?" मग चहा ठेवला. चहा पिताना दुसरंच बोललो, पावसाचं, तिच्या मुलीच्या बाळंतपणाचं. निघताना मला हलकं वाटत होतं. खोटं सांगितलं नाही, तिनंही ते पचवलं, असं मी घरी येऊन आईला सांगितलं.

पंधरा दिवसांनी निंदण लागलं. टोळी सात जणींचीच होती. मोठीमाय आली नाही. पहिल्याच शेताच्या बांधावर शेतकरी रोजाचं बोलायला पुढं आला, तेव्हा मावशीनं शेजारच्या बाईला पुढं केलं, "तू बोल वं, मले बोलता येत नाही." ती बाई आयुष्यात कधी भाव बोलली नव्हती. शेतकरी म्हणाला तो रोज तिनं मुकाट्यानं कबूल केला, आणि सगळ्या खाली मान घालून शेतात उतरल्या.