सिस्टरकडचं माहेरपण

म्हाताऱ्या माणसाची नाडी बघताना सिस्टरची नजर असायची ती त्याला आणणाऱ्यांवर. नाडी मोजून झाली की त्या हळूच विचारायच्या, "हं. आणि विमान कधीचं आहे?"

सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये, त्या आमच्याच ब्लॉकमध्ये राहायच्या. मूळच्या सांगलीच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत त्यांनी उभा जन्म काढला होता, त्यामुळे लिफ्टमध्येही सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. डिसेंबरच्या सुट्ट्या लागल्या की अशक्तपणाची साथ येते आणि ती सत्तरीच्या पुढच्यांनाच होते, असं त्या सांगायच्या. मी खो खो हसायचो. काय एकेक लोक असतात, म्हणायचो.

आणि एका डिसेंबरात मीच आईला घेऊन इमर्जन्सीत त्यांच्यासमोर उभा राहिलो. आमची हेल्पर सुट्टीवर गावी गेली होती, चार दिवसांच्या क्रूझचं बुकिंग झालं होतं आणि आईला एकटं ठेवायचा धीर होत नव्हता.

"चक्कर येते म्हणते. ऑब्झर्वेशनला ठेवाल का?"

आई बिचारी इमानेइतबारे डोळे मिटून बसली होती.

"आजी इज ओके, लाह," माझी लेक म्हणाली. "वी आर गोइंग ऑन क्रूझ!"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पण आईनेच सिस्टरचा हात धरला. "ठेवून घ्या हो. पोरांची ट्रिप माझ्यापायी बुडायला नको."

सिस्टरने तिचा हात थोपटला. "आजी, इथला बेड ज्याला खरंच धाप लागलीय त्याचा. तुम्ही माझ्याकडे या, चार दिवस माहेरपणाला. मी ड्यूटीवर असले तरी आमचे हे असतात घरी. जहाजावरची नोकरी सोडल्यापासून ऐकणारं माणूस शोधताहेत."

"माझं माहेर भाऊ गेला तेव्हाच संपलं गं," आई म्हणाली. हसलीही आणि रडलीही.

क्रूझहून परतलो, तर सिस्टरकडे आणखी दोन आज्या जमलेल्या. आई पत्ते पिसत होती. "उद्या ने मला. डाव रंगलाय."

दुसऱ्या दिवशी निघताना सिस्टरने तिघींच्या ओट्या भरल्या. बाबा गेल्यापासून आईची ओटी कुणी भरली नव्हती. मलाही ते कधी सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी सिस्टर रिटायर होऊन पर्थला मुलीकडे गेल्या. त्यांच्या दाराशी आता दुसऱ्यांच्या चपला असतात. तिथून जाताना मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा जेवताना आईने विचारलं, "यंदा सुट्टीत कुठे जाताय?"

"कुठेच नाही. तुझ्याजवळ राहणार," मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

तिचा चेहराच पडला. "अरे, जा की कुठेतरी चार दिवस. यंदा हेल्पर आहे घरी. मी सिस्टरकडच्या त्या दोघींना माहेरपणाला बोलावून बसलेय, त्यांना तुमची खोली लागेल."