समोरच्या बाजूने बोलणाऱ्या मॅडम

गळ्यातलं ओळखपत्र काढायचं, त्याची निळी फीत त्याच्याभोवतीच गुंडाळायची, ते ड्रॉवरमध्ये टाकायचं आणि ड्रॉवर कोपरानं ढकलून बंद करायचा. एवढं झालं की मॅडम खुर्चीत मागे रेलायच्या आणि म्हणायच्या, “आता मी सरकार नाही. चल, हरव मला.”

हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटायची. आणि खरं सांगते, आनंदही व्हायचा. खो-खोत पाठीवर थाप पडायच्या आधी होतो ना, तसला.

दिल्लीला खेटून असलेल्या एका शहराच्या विकास कार्यालयात मी तेव्हा नवीनच असिस्टंट प्लॅनर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हिंगोलीकडच्या शाळेत शिकलेली मुलगी एका अख्ख्या शहराच्या नकाशात रंग भरणार, या विचारानंच गाझियाबादहून बसमध्ये उभ्यानं येतानाही मी खूश असायची. मॅडम आमच्या वित्त विभागाच्या प्रमुख. केंद्र सरकारच्या लेखा खात्यातून डेप्युटेशनवर आलेल्या, मूळच्या अमरावतीच्या, राहायला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निवृत्ती जवळ आलेली.

त्यांच्याकडे कुठलाही खर्चाचा प्रस्ताव जायचा म्हणजे तो मेलाच, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. आमचे सेक्शन ऑफिसर त्यागीजी मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “बेटा, उधर से फाइल कुँवारी ही लौटती है.”

पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले तेव्हा मी हिंदीत अडखळत काहीतरी बोलत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठली गं तू?”

“हिंगोलीची, मॅडम.”

“मग मराठीत घाबर ना. हिंदीत काहून घाबरते?”

मी हसले, आणि पुढे कधी त्यांना घाबरले नाही. त्यांच्या प्रश्नांना मात्र घाबरायची.

मी नेला होता तो प्रस्ताव असा. शहरात दोन मोठ्या वसाहतींच्या मधोमध नाल्याकाठची सखल जमीन होती. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं, थंडीत लोक उन्हाला बसायचे, आणि संध्याकाळी क्रिकेटचे इतके सामने एकदम चालायचे की एका सामन्याचा फील्डर दुसऱ्या सामन्याचा झेल घ्यायचा. पण जमीन खाजगी होती, तीन भावांची. जुन्या नकाशात ती पिवळी, म्हणजे घरं बांधायला चालणारी, पण नवा नकाशा ठरेपर्यंत बांधकामाची परवानगी थांबलेली. नव्या नकाशात ती हिरवी, म्हणजे कायमची मोकळी जागा करावी, असं मी लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं. त्यात झाडं होती, हवा होती, मुलं होती, बगळेसुद्धा होते.

मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं. “छान आहे. बगळ्यांपाशी तर मला भरूनच आलं.” मग ओळखपत्र ड्रॉवरमध्ये गेलं, आणि समोर बसलेल्या बाई एकदम पश्चिम यूपीतल्या जमीनदार झाल्या. मांडी पसरली, आवाज जाड झाला, ओठांवर नसलेल्या मिशीला पीळ बसला.

“क्यों बहनजी, मेरी जमीन पे आपने हरा रंग फेर दिया. अब मैं क्या करूँ, घास बेचूँ?”

“पण शहराला मोकळी हवा...”

“तो शहर खरीद ले ना हवा! मुझसे मुफ्त में क्यों?”

“मुलं कुठे खेळतील?”

“मेरे वाले कहाँ खेलेंगे, ये पूछा किसी ने?”

मॅडमनी ड्रॉवर उघडला, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “कोर्ट बगळे मोजत नाही, पोरी. कोर्ट विचारतं, मालकाच्या हातात काय उरलं? काहीच उरलं नसेल तर म्हणतं, घ्या विकत, आजच्या भावानं. अन् तेवढा पैसा एकदम आपल्याकडे आहे? नाही. मग तो शाळेच्या छपरातून अन् नळाच्या पाइपातून काढावा लागतो. उद्या जेवायच्या सुट्टीत ये. पुन्हा हरव.”

ती सुट्टी मग रोजचीच झाली. मॅडमच्या डब्यात भाकरी, भरीत आणि ठेचा असायचा, तो मध्ये ठेवून आमची सुनावणी चाले. त्यागीजी न्यायाधीश. खुर्चीवर टॉवेल टाकून बसायचे आणि खाता खाताच निकाल द्यायचे. “दलील में दम नहीं है. मूली इधर सरकाओ.” हळूहळू शेजारच्या खोल्यांतले लोक डबे घेऊन यायला लागले. पाणी विभागातले दोघे माझ्या बाजूनं, टायपिस्ट बाई मालकाच्या बाजूनं. फाइलसाठी लोक इतके पेटून भांडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी रोज हरत होते. पण रोज नवीन ठिकाणी हरत होते, आणि त्याची मला इतकी मजा वाटायची की घरी जाताना बसमध्ये मी पुटपुटत असायची. एकदा मी म्हटलं, मालकाला इथे जेवढं बांधता आलं असतं तेवढं शहरात दुसरीकडे बांधायचा हक्क देऊ, हवं तर तो हक्क त्यानं विकावा. मला वाटलं, जिंकले. मॅडमनी मिशीला पीळ दिला.

“मतलब कागज दोगे. कागज पे भैंस बँधती है क्या?”

त्यागीजींना असा ठसका लागला की न्यायालय पाणी पिण्यासाठी तहकूब झालं.

एवढा हुबेहूब माणूस उभा करायला कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. त्या खुलल्या. “माझे बाबा आमच्या वस्तीत जलसे करायचे. गाणी, बतावणी, सगळं. नायक व्हायला बारा जण तयार. सावकार व्हायला कोणी नाही. मग मी व्हायची. धोतर नेसून, अन् उशीचं पोट लावून. बाबा मला बजावायचे, सावकाराचं म्हणणं पुरं मांड. तो मूर्ख दिसला, तं त्याला हरवून आपली लोकं शहाणी कशी होतील?”

सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते, की उशी मिळाली असती तर तिथेच पोटाला बांधली असती.

मग एके दिवशी, मी पुन्हा हरत आले असताना, तोंडातून निघून गेलं, “मॅडम, तुम्ही करता तो मालक खरा कसा आहे? कोणी पाहिलाय का त्याला?”

त्यागीजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. मॅडमचा घास हातातच राहिला. “अरे बाप्पा. सावकाराला न भेटताच सावकार केला की मी!” आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की टायपिस्ट बाई धावत आल्या. “चलो त्यागीजी, गाडी निकालो. अभी.”

थोरला भाऊ भेटला तो किडकिडीत, हळू बोलणारा, निवृत्त शाळामास्तर निघाला. मिशी नव्हतीच. त्यानं आम्हाला कूलरसमोर बसवलं, ताक दिलं आणि आमचं सगळं ऐकून घेतलं. मी धीर करून हिरवा रंग म्हटलं तेव्हाही तो चिडला नाही.

“हरा कर दो, पीला कर दो, बेटी. बस ये बता दो कब. पिताजी सुनते-सुनते चले गए कि मामला विचाराधीन है. तीनों भाई बँटवारा नहीं कर पा रहे. पैसा टुकड़ों में दो, चलेगा. पर तारीख पे दो.”

परतताना नाल्याजवळ मॅडमनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून त्या जमिनीकडे पाहत राहिल्या. सामने चालूच होते. मग एकदम वळल्या, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शाळेतल्या मुलीला गणित सुटल्यावर होतो तसा.

“अगं, आपण इतके दिवस चुकीच्या माणसाला हरवत होतो! जोखीम हिरव्या रंगात नाहीये. जोखीम उशिरात आहे. माणूस जमीन गेली म्हणून कोर्टात जात नाही, लटकला म्हणून जातो. लिही, लिही, मी सांगते ते लिही!”

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. रस्त्यालगतची पट्टी मालकांकडेच राहावी, दुकानांसाठी. बाकीची जमीन शहरानं तुकड्यातुकड्यानं विकत घ्यावी, प्रत्येक तुकड्याची तारीख आधीच ठरवून. दर वर्षी त्या तुकड्याचा पैसा इतर सगळ्या खर्चांच्या आधी बाजूला काढावा. आणि एखादी तारीख चुकली, तर तेवढा तुकडा आपोआप पुन्हा पिवळा व्हावा, मालक मोकळा. मॅडम सांगत होत्या, मी प्रश्न विचारत होते, त्यागीजी वाऱ्यानं उडणारा कागद दोन्ही हातांनी दाबून धरून ‘वाह’ म्हणत होते.

टाइप होऊन नोट टेबलावर आली, तेव्हा मात्र त्यागीजींचा ‘वाह’ थांबला. दार लोटून घेऊन ते म्हणाले, “मैडम, सोच लीजिए. कल को किस्त चूकी और नुकसान हुआ, तो ऑडिट आपको ढूँढता हुआ अमरावती तक आएगा. पेंशन अटक जाएगी.”

हे खरं होतं. वित्त अधिकाऱ्यानं ‘नाही’ लिहिलं तर त्याला कोणी काही विचारत नाही. ‘हो’ लिहिलं की ती सही त्याच्या नावावर राहते. अमरावतीला मॅडमचं घर अर्धं बांधून झालं होतं आणि उरलेलं निवृत्तीच्या पैशावर व्हायचं होतं. नवरा आधीच गेलेला. मी म्हटलं, “मॅडम, नको. मी दुसरं काही शोधते.”

“काहून? इतके दिवस हरली ती कशासाठी?” त्यांनी पेनाचं टोपण उघडलं. “येऊ दे ऑडिटला. घर मोठं आहे. एक खोली त्याला देऊ.”

आणि सही केली. ऑफिसच्या त्या ‘कुँवारी’ फायलीचं लग्न त्या दिवशी असं लागलं.

आमच्या कार्यालयाच्या बोर्डाच्या बैठकीत प्रस्ताव मी मांडला. पहिल्याच सदस्यांनी विचारलं, “तो मालिक क्या घास बेचेगा?” तोच प्रश्न, तेच गवत! मी मॅडमकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. पट्टीचं सांगितलं, तारखांचं सांगितलं. ‘कागज’ आला, ‘मुफ्त’ आला, सगळे ओळखीचे. घरचेच पाहुणे आल्यासारखे प्रश्न एकेक करून येत होते आणि मी त्यांना बसायला देत होते. कोपऱ्यात त्यागीजी ओठ हलवून माझ्याबरोबर उत्तरं म्हणत होते.

मग अध्यक्षांनी विचारलं ते मात्र आमच्या तालमीत कधी आलं नव्हतं. “किसी साल पैसा नहीं निकला, तो जिम्मेदार कौन?”

मॅडम उभ्या राहिल्या.

“सर, नोट पर नाम मेरा है. पर दूसरा खतरा भी उसी पन्ने पर है. वहाँ मकान बने, तो नाले का पानी दोनों कॉलोनियों में घुसेगा. वो बिल भी यहीं आएगा. इस खर्चे की तो हमें तारीख पता है. उस खर्चे की किसी को नहीं.”

अध्यक्षांनी नोट पुन्हा वाचली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग म्हणाले, “पास कीजिए.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये येताच मॅडमनी माझे दोन्ही हात पकडले आणि काय होतंय ते कळायच्या आत आमची फुगडी सुरू झाली. साड्या, ओळखपत्रं, फाइल, सगळं गरगरत होतं. शिपाई भिंतीला चिकटून उभा राहिला. त्यागीजी आजही लोकांना सांगतात की दोन्ही मॅडमनी भांगडा केला होता.

त्यानंतर लवकरच त्या निवृत्त झाल्या आणि अमरावतीला गेल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब भले आहेत, पण जेवणाच्या सुट्टीत ते दार लावून जेवतात. ऑडिटचा कागद खरंच आला. एवढी मोठी बांधिलकी कशी स्वीकारली, असं विचारलं होतं, आणि उत्तर पटेपर्यंत मॅडमचे निवृत्तीचे काही पैसे थांबले. घराचा वरचा मजला तसाच राहिला. फोनवर त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला कळलं ते त्यागीजींकडून. फोनवर त्या एकच विचारायच्या, “पैसा बाजूला काढला का?”

पहिल्या तुकड्याची तारीख जवळ आली तेव्हा मी रोज वित्त विभागात जाऊन उभी राहायची. लोक मला पाहून वाट बदलायला लागले. पैसे गेले, तारखेच्या आदल्या दिवशी. शाळामास्तरांनी मोजणीच्या वेळी स्वतः खांब धरला.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. “मॅडम, झालं! बघा!” आणि फोन गरागरा फिरवून नवं कुंपण दाखवलं, नुकती लावलेली कडुनिंबाची रोपं दाखवली, रंग न वाळलेला बाक दाखवला. त्या चष्मा पुसून पाहत होत्या.

“ऑडिटला काय पाठवू, मॅडम? हे सगळे फोटो?”

“त्यांना पावती पाठव. फोटो मला.” मग म्हणाल्या, “छान आहे गं. आता जे घेतलं नाही ते दाखव.”

मी फोन वळवला. कुंपणापलीकडे उरलेली सगळी जमीन पसरली होती. मध्ये पाण्याचं डबकं, पलीकडे ओरडाआरडा, आणि कुणाचा तरी चेंडू उंच गेलेला.

“पुढची तारीख?”

मी सांगितली.

“मास्तरांना आठवण करायला लावू नको. आपण आधी जायचं त्यांच्याकडे.”

“हो, मॅडम. ठेवू आता?”

“ठेवू नको. चालत राहा.”

मी हात लांब करून फोन पुढे धरला आणि चालायला लागले, डबक्याच्या कडेनं, सामन्यांच्या मधून, थेट नाल्यापर्यंत. अमरावतीला आपल्या अर्ध्या घरात बसून मॅडम ती अजून घ्यायची राहिलेली जमीन पाऊल पाऊल पाहत होत्या.