हंसाचा दिवा

फिलोमिना टीचर रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि देवाला झापायची. झापायचीच, दुसरा शब्द नाही. ‘आजही गप्प? बरं, बस तसाच!’ असं येशूच्या तसबिरीला सुनावून ती कॉफी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसे.

आम्ही तंजावरी मराठी, कित्येक पिढ्या कुंभकोणमचे. घरात विठोबा नि मराठी, उंबऱ्याबाहेर तामिळ. टीचर शेजारीण, जन्माची कॅथलिक. आमचं बोलणं तामिळमध्ये चाले, इथे मी ते मराठीत सांगते आहे. मी तिला अक्का म्हणे, आणि अक्का म्हटल्यावर अहो-जाहो कशाला?

तिच्या जिभेच्या तडाख्यातून कुणी सुटत नसे. चर्चमध्ये हातभर लांब मेणबत्त्या लावणाऱ्या बायकांना ती घाऊक गिऱ्हाइकं म्हणायची. ‘एवढी मोठी मेणबत्ती? म्हणजे जावई दुबईचाच हवा असणार!’ आमच्याकडच्या नवसवाल्यांनाही ते चपखल बसे, म्हणून मी पोट धरून हसायची. शाळेत तर तिचा दरारा विचारू नका. घंटा झाली की वॉचमन गेट लावी आणि उशिरा आलेल्या पोरी बाहेर मुसमुसत उभ्या राहत. मग टीचर तरातरा जाऊन स्वतः कडी काढे. ‘म्हशींनो, घरी लोळत होता काय? मरा आत!’ शिव्या सगळ्यांना मिळत, पण परत एकीलाही पाठवलं नाही तिने. माझी मुलगी त्या शिव्या खाऊनच शिकली.

अशा बाईने घोळ घातला तो एका दिव्यावरून. आईच्या नावाने चर्चला समई द्यायची म्हणून ती नाचियारकोविलच्या कारागिराकडे गेली. तिकडे समईच्या शेंड्यावर हंस बसवायची रीत आहे. चर्चसाठी सांगितलं तर ते क्रूस बसवतात. पण सांगितलं तर ना! बाईसाहेबांना वाटलं, आपण ख्रिस्ती आहोत हे जगाला आपोआप कळतं. समई आली ती झोकदार हंस घेऊन. त्या वेळचा फादरही काही कमी नव्हता. भर रविवारी, सगळ्यांसमोर म्हणाला, ‘देवळातली वस्तू देवळात द्या, टीचर.’ हिने समई उचलली, रिक्षात घातली आणि घरी येऊन जाहीर केलं, ‘हा माणूस माझा उंबरा चढणार नाही!’

वर्ष झालं नाही तोच तिचे यजमान, सवरी सार (आमच्याकडे सरांना सार म्हणतात), अंथरुणाला खिळले. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. त्यांच्यात शेवटच्या आजारात फादर येतो, कपाळाला पवित्र तेल लावतो, पापांची क्षमा सांगतो. सार म्हणाले, ‘फादरला बोलाव.’ चर्च दोन गल्ल्या पलीकडे. आणि ही बाई दुसरा फादर आणायला बसने तंजावरला गेली! मी सारांजवळ बसले होते. ते दाराकडे बघत होते. ती तंजावरचा फादर घेऊन घरात शिरली, तेव्हा मी नुकतेच त्यांचे डोळे मिटले होते.

त्यानंतर टीचर चर्चला जाई, पण दाराजवळ बसून परत येई. प्रसाद घ्यायचा तर आधी पापांची कबुली द्यायला हवी, आणि ते ती करीना. तो फादर बदलून गेला, मागून दुसरे आले नि गेले, पण ही दारातच. घरी मात्र हंसाची समई रोज लागे आणि देवाची रोज उलटतपासणी होई. मला तिची कीव यायची, पण त्याहून जास्त संताप यायचा. दया अपार, क्षमा अपार असं पोरींकडून घोकून घेतलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यातलं एक अक्षरही खरं वाटेना! कसला विश्वास म्हणायचा हा?

एकदा ईस्टरआधीच्या उपासकाळात ओट्यावर बसली असताना ती म्हणाली, ‘सरसा, त्यांनी मागितलेली क्षमा मी त्यांना मिळू दिली नाही. आता माझ्यासाठी कुठल्या तोंडाने मागू?’

माझं डोकंच फिरलं. ‘अक्का, पुरे झालं! सार गेटाशी उभं राहून हाका मारत होते. त्यांना आत घ्यायला तुझ्या देवाला फादरची चिठ्ठी लागते? तू एवढी खाष्ट, तरी एक पोर बाहेर ठेवली नाहीस. तुझा देव काय तुझ्याहून खाष्ट आहे?’

ती फणकारली, ‘विठोबाच्या घरची बाई मला माझा देव शिकवते!’ आणि अर्धी कॉफी तशीच टाकून उठून गेली.

पण त्या शनिवारी ती चर्चला गेली. परत आली ती डोळे सुजवून. मी म्हटलं, ‘काय म्हणाला फादर?’

‘मिसरूड फुटलेलं पोरगं आहे. क्षमा झाली म्हणालं.’

‘मग पटलं?’

‘मुळीच नाही. पण घेतली.’

दुसऱ्या दिवशी रविवारी ती दारातून उठली आणि पुढे जाऊन प्रसाद घेऊन आली. घरी येऊन मला म्हणाली, ‘हसू नकोस.’ मी हसत नव्हतेच.

मागच्या पोंगलनंतर ती गेली. घरी तिच्या उशाशी हंसाची समई ठेवली होती. चर्चमधल्या बायका आता फादर काय म्हणतो म्हणून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. हा तोच तरुण फादर. त्याने हंसाकडे नीट बघून घेतलं, समईत तेल घातलं, सगळ्या वाती स्वतः लावल्या आणि प्रार्थनेला उभा राहिला. मी, विठोबाच्या घरची बाई, तिथे ढसाढसा रडले.

जाण्याच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिने माझा हात धरला होता. ‘सरसा, फार उशीर केला गं मी. खात्री अजून नाही. पण गेटाशी जाऊन उभी राहते. बघू, कडी काढायला कोण येतं.’

कडी काढली असणारच. नाहीतर ही बाई गप्प उभी राहणारी नव्हती.