रविवारची लघवी

मी राहते सोलापुरात आणि शिकवते माढा तालुक्यातल्या एका शाळेत. सकाळची टेंभुर्णीकडची एसटी, फाट्यावर उतरायचं आणि पुढं वडापची जीप. शाळेत आम्ही तिघी शिक्षिका, आणि आमचा एक रिवाज होता. सकाळी अर्धा कप चहा, कुणाची गोळी असलीच तर ती गिळण्यापुरतं पाणी, आणि मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत फक्त ओठ ओले करायचे.

शाळेत बायकांसाठी संडास नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. फरशी बसवलेला, दारावर बाईचं चित्र काढलेला चांगला संडास होता. त्याला कुलूप होतं. पाणी बाहेरून आणून ओतावं लागतं, पोरी घाण करतात, मग साहेब तपासणीला आल्यावर दाखवायचं काय, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. साहेब आले की ते कुलूप निघायचं. साहेबांचं तिथं काय काम असायचं, देव जाणे. पुरुष शिक्षक कंपाउंडच्या भिंतीआड जात, पोरी मधल्या सुट्टीत घरी पळत. आम्ही तिघी भरलेल्या बाटल्या तशाच घरी परत न्यायचो आणि त्यावर हसायचोसुद्धा.

मुतखड्याची पहिली कळ मला वर्गात, फळ्यावर लिहिताना आली. दुसऱ्यांदा खडा नळीतच अडकून बसला. शहरातल्या डॉक्टरांनी तो काढला आणि स्पष्ट सांगितलं की उजवी किडनी सुजून थकली आहे, आणखी एकदा असं झालं तर ती वाचणार नाही. खडे का होतात ते आधी शोधायला हवं.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. लघवीत काही प्रथिनं असतात, म्हणाले, त्यातली काही तर किडनी स्वतःच बनवते. क्षारांचे बारीक कण तयार झाले की ही प्रथिनं त्यांच्यावर बसतात, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत, आणि कण वाहून जातात. म्हणजे खड्याची तयारी रोज होत असते आणि रोज मोडली जाते. ऐकून मला भरून आलं. आपल्यासाठी आत कुणीतरी न सांगता राबतंय, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पण लघवी घट्ट झाली की हीच प्रथिनं गोळा होऊन बसतात आणि उलट कणांना धरून ठेवायला लागतात. बांधकाम थांबवायला नेमलेल्या माणसानंच सिमेंट कालवायला घ्यावं, तसं.

त्यांनी एक मोठा कॅन दिला आणि चोवीस तासांची लघवी साठवायला सांगितली. खाणंपिणं नेहमीसारखंच ठेवायचं होतं. शाळेच्या दिवशी कॅन घेऊन मी जाणार कुठं? मी रविवार धरला. रविवारी मी घरी तांब्या तोंडाला लावते, आठवड्याची तहान भागवते. रिपोर्ट अगदी छान आला. पाणी तर भरपूर पिता, डॉक्टर म्हणाले, मग दोष अंगचाच असणार. मी कुलपाचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, शाळेच्या दिवसाची आणा.

तपासणी म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी एका दिवसापुरती चावी लगेच दिली. मी ठरवलं होतं की नेहमीइतकंच प्यायचं. पण मार्चचं ऊन होतं आणि दार उघडं होतं. दुपारपर्यंत माझी बाटली संपली. बाकीच्या दोघीही घटाघटा पीत होत्या. संध्याकाळी चावी परत दिली. हाही रिपोर्ट चांगला आला.

संडास उघडा असेल तेव्हाच होणाऱ्या तपासणीत संडास बंद असल्याचं दुखणं दिसणार कसं, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी पाणी जास्त पीत जा असं लिहून दिलं. मुख्याध्यापकांना दोन्ही रिपोर्ट दाखवले तर ते म्हणाले, "नॉर्मल हाय की, बाई. मग शाळंला कशाला नावं ठिवायची?"

दिवाळीनंतर खडा पुन्हा अडकला. या वेळी फारसं दुखलंही नाही, त्यामुळं कळायला उशीर झाला. उजवी किडनी काढून टाकली. खडे कशामुळं, तर कागदावर लिहिलंय, निश्चित कारण आढळलं नाही. माझा संताप संताप होतो ते वाचून. कारण मला माहीत आहे, आम्हा तिघींना माहीत आहे.

रजा संपवून हजर झाले त्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. टाळ्या झाल्यावर मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, उरलेली एक वाचवायची तर मला दिवसभर पाणी पीत राहावं लागणार. चावी माझ्याकडं राहू द्या."

त्यांनी खरोखर विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी सांगतो तसं करा. सकाळीच घरनं सगळं पानी पिऊन येत जावा की."

ते हे मनापासून, माझ्या काळजीनं बोलले. तेच मला सहन होत नाही.