हेगचे सर

आमच्या सरांनी जन्मभर आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा शिकवला, पण ‘गुन्हेगार’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. निकाल लागेपर्यंत प्रत्येक जण आरोपी. शेजारचं मांजर त्यांचं दूध पिऊन गेलं, तरी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायचे, “आरोपीची बाजू कोण ऐकलं? सुम्ने, उगाच आळ घालायचा नाही.” घरात सर एकटेच. बाजू मांडणार कोण आणि ऐकणार कोण! सरांना जाऊन आता वर्ष होईल.

घर लष्कर मोहल्ल्यात. पूर्वज रंगारी, भाऊबंद आता दुकानदार. लग्नाकार्यात हमखास कोणीतरी चेष्टेने म्हणायचं, “हेगचे सर, आमच्या घराच्या साइटच्या भांडणाचं काय ते बघा की.” सर हसायचे आणि पंगतीच्या टोकाला जाऊन बसायचे. युद्धात गावंच्या गावं मारली जातात, त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यांना सांगायचं असे. ते ऐकायला कोणाला सवड नसे.

वर्गातही आम्ही चौघंच. वडिलांची मेटगळ्ळीच्या कारखान्यात बदली झाली म्हणून मी नाशिकहून इथे कानडी मुलखात आले, आणि सोपा असेल अशा समजुतीने हा विषय घेतला. सर मात्र भरल्या सभागृहापुढे बोलावं तसे बोलायचे. मधेच थांबून म्हणायचे, “हेगला आंतरराष्ट्रीय कोर्टात बसून एक साक्ष ऐकायचं आहे मला. तेवढं झालं की आयतु, संपलं.” तिथून पहिलं बोलावणं आलं तेव्हा त्यांच्या आईला अर्धांगवायू झालेला, दुसऱ्या वेळी परीक्षेचं काम. पासपोर्ट कोराच संपला, पुन्हा काढला. मग सर निवृत्त झाले आणि कॉलेजने विषयच बंद करून टाकला. त्यानंतर ते स्वतःच्या खर्चाने हेगला जाऊन आले. एकटेच.

परतल्यावर सर माझ्या ऑफिसात आले. मी इथल्याच कोर्टात न वटलेल्या चेकच्या नि जागेच्या केसेस चालवते. अशील बसले होते, तरी मी आधी विचारलं, “सर, साक्ष ऐकली?”

“पडदा बघितलो,” ते म्हणाले.

तिथे प्रेक्षकांपुढे काच असते. साक्षीदाराच्या जिवाला धोका असला की काचेवर पडदा ओढतात, आवाजही बंद करतात. सर होते तितके दिवस एका बाईचीच साक्ष चालली. ते रोज सकाळी जाऊन बसले आणि संध्याकाळी उठले. हे ऐकून मोहल्ल्यात लोक पोट धरून हसले होते.

“इतक्या लांब जाऊन, सर...”

“नाही गं. पडदा पाडायलाच पाहिजे. ती बाई बोलली, आणि तिचं तोंड कोण बघितलं नाही. तेच मोठं, अल्लवा? तुला तरी कळतं की नाही?”

मला कळत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. मी तसं म्हटलं, आणि सर अशिलांच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

शेजारच्या अशिलाने मला कानडीत हळूच विचारलं, “यांची केस हरली का?”

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची सरांसमोर ओढली.

“सर,” मी म्हटलं, “पहिल्या दिवसापासून सांगा.”